थोडी तडतड चालेल

संगीतबाईंचा हात मागे पडू लागला तेव्हापासून त्यांनी चहा ओतायचं सोडून दिलं. कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सुनेने किटली पुढे केली की नुसतं म्हणायच्या, "तूच ओत गं." सुनेला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं असणार. सासू रागावली की कामातून अंग काढून घेते, असा तिचा अनुभव होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

बाईंनी जन्मभर शाळेत पियानो शिकवला होता. निवृत्त होऊन घरात कंटाळल्या होत्या, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या नृत्यवर्गाचा पियानो मोडला आणि तिथल्या शिक्षिकेने गळ घातली, मुलांच्या सरावाच्या चाली तुम्हीच घरी रेकॉर्ड करून द्या. बाईंचा मुलगा बोटीवर नोकरीला. सुट्टी संपवून जाताना त्याने जुन्या कॉम्प्युटरला एक मिडी कीबोर्ड जोडून दिला. या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कळ दाबली की कॉम्प्युटरला फक्त निरोप जातो, कुठला सूर, केव्हा आणि किती जोरात. पियानोचा आवाज काढायचा तो कॉम्प्युटरने. "म्हणजे हा मुका आणि तो बोलका," असं म्हणून बाईंनी विषय मिटवला.

वाजवायला बसल्या तर हेडफोनमध्ये तडतड. बाई वैतागल्या. सुनेने नवऱ्याला फोन लावला, त्याने घाईघाईत सांगितलं, "सेटिंगमध्ये बफर म्हणून आहे, तो वाढव." सून कुठलंच काम अर्धवट करणारी नव्हे. वाढवायचाच तर पुरता वाढवू, म्हणून तिने तो पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला आणि कामावर निघून गेली. तडतड थांबली.

त्यानंतर बाई वाजवायला बसल्या, तर बोट आधी आणि सूर मागून. अगदी जरासा मागून. दुसरं कुणी असतं तर कॉम्प्युटरला चार शिव्या देऊन मोकळं झालं असतं. बाईंना मात्र वडिलांचा हात आठवला. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. "मी म्हणतो उचल, आणि हात उचलतो मागाहून," असं ते सांगायचे, तिथून त्यांचा आजार सुरू झाला. मग तोच हात मध्येच धावत सुटायला लागला. शेवटी त्यांच्या शर्टाची बटणंही दुसऱ्यांनी लावायची वेळ आली. ती बटणं बाईंनीच लावली होती.

आता आपलीही पाळी आली, असं त्यांनी धरून टाकलं. पण कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे ते तोंडावर ऐकून घ्यायचं, आणि तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं. जिद्द मात्र होती. हात उशिरा पडतो ना, मग लवकर टाकू! रोज दुपारी, घरात कुणी नसताना, त्या हेडफोनमध्ये वाजणाऱ्या तालाच्या ठोक्याच्या आधीच कळ दाबायला शिकल्या. हळूहळू हेडफोनमध्ये ठोका आणि सूर एकत्र यायला लागले. बाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी एक अख्खी चाल रेकॉर्ड केली आणि ऐकायला बसल्या.

चाल पहिल्या सुरापासून ठोक्याच्या पुढे पळत होती.

आधी मागे पडायचं, मग धावत सुटायचं. अगदी वडिलांसारखं. बाईंनी हेडफोन काढून ठेवला आणि कितीतरी वेळ दोन्ही हात मांडीवर घेऊन बघत बसल्या.

सुट्टीच्या दिवशी सून चहा घेऊन आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या नृत्यवर्गात फोन कर. म्हणावं, दुसरं कुणीतरी बघा."

"का? इतके दिवस तर वाजवत होतात."

"नाही जमत."

सुनेने किटली टेबलावर ठेवली. "आई, माझ्यावर रागावलाय का? खरं सांगा. तुम्ही हल्ली चहासुद्धा ओतत नाही."

"तुझ्यावर कशाला रागावू? हातून सांडेल म्हणून ओतत नाही गं," बाई म्हणाल्या, आणि मग वडिलांच्या आजारापासून ते पळणाऱ्या चालीपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांना रडू आलं.

सून दातांच्या लॅबमध्ये खोटे दात घडवायची. केसभर फरक झाला तरी दात तोंडात बसत नाही, त्यामुळे बघितल्याशिवाय तिचा कशावर विश्वास नसे. तिने ते रेकॉर्डिंग पडद्यावर मोठं करून पाहिलं. ठोक्यांच्या उभ्या रेघा होत्या आणि सुरांच्या निळ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी रेघेच्या जराशी आधी सुरू होत होती. तिने कागदाचा कपटा पडद्याला लावला, त्यावर पेनने अंतराची खूण केली आणि तो एकेका रेघेवरून सरकवत नेला.

"आई, सगळीकडे जवळजवळ सारखंच आहे हो. हात बिघडला असता तर कुठे कमी, कुठे जास्त झालं असतं ना?"

सुनेने हेडफोन कानाला लावला आणि एका बोटाने एक कळ दाबली. मग पुन्हा दाबली. मग तिने चमकून सासूकडे पाहिलं.

"आई, माझाही हात मागे पडतोय."

"तुला काय धाड भरलीये?"

"तेच म्हणते मी! हे कधीपासून होतंय?"

"ती तडतड थांबली, तेव्हापासून."

सुनेने कपाळावर हात मारला. "बफर! मीच तो पुरता वाढवून ठेवला. तडतड होऊ नये म्हणून कॉम्प्युटर आवाज थोडा साठवतो आणि मग सोडतो. रेकॉर्ड करताना मात्र कळ दाबली तीच वेळ धरतो. माझ्यापायी तुम्ही इतके दिवस..." तिने बफर खाली आणला आणि हेडफोन सासूच्या कानांवर चढवला.

बाईंनी वाजवायला सुरुवात केली. तडतड परत आली होती. पण बोट पडलं की सूर तिथल्या तिथे येत होता. फक्त सवयीने हात अजून ठोक्याच्या पुढे जात होता.

"आता मात्र खरंच चुकतेय," बाई म्हणाल्या आणि हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"थांबा, तडतड घालवायला बफर जरासा वाढवून बघते."

"हात लावू नकोस त्याला! थोडी तडतड चालेल मला."

त्यांनी चाल पुन्हा धरली आणि चुकत, सावरत शेवटी हात ठोक्यावर आणला. मग हेडफोन गळ्यात उतरवला. सून किटली उचलत होती. बाईंनी ती तिच्या हातून काढून घेतली.

"बस तू," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही कप काठोकाठ भरले.