गुरवाच्या दारची बिट्टी

"फुलं न्यायला आले वो मावशी. वरच्या आळीतून."

धुरपदाबाईच्या हातातली दुरडी तिथंच थांबली. वरच्या आळीतून, माणिकरावाच्या घरून, फुलं न्यायला यायची ती त्याची सून कोकिळा. आणि कोकिळेला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. दारात उभी होती ती माणिकरावाची दुसरी सून, त्याच पोराच्या गळ्यात उन्हाळ्यात बांधलेली. चुडा अजून नवा होता आणि चुड्याखाली मनगट काळंनिळं झालं होतं.

वालूरच्या महादेवाचं गुरवपण धुरपदाबाईच्या घरात होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच, तेव्हा जीव लावायला दारातली पिवळ्या फुलांची बिट्टी तेवढी उरली. नवऱ्यानं पिंगळीहून तिचं रोप आणलं होतं. लोकांच्या कुंपणाला बिट्टी आपली कशीही वाढते. हिनं मात्र तिचे लेकरासारखे लाड केले. उन्हाळ्यात भांड्यांचं पाणी, पावसाआधी छाटणी, बुडाला शेणखत. छाटताना चीक डोळ्यात उडाला की दिवसभर डोळा चोळत बसायची, पण दुसऱ्या कुणाला कोयता लावू द्यायची नाही. निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली, पण महादेवाच्या पिंडीवर पिवळं फूल नाही अशी सकाळ वालूरनं पाहिली नाही. याचा तिला ताठा होता, आणि का नसावा?

तिची आणखी एक सवय होती. नवी सून फुलांना आली, की पदरात फुलं टाकताना बजावायचं, "फळाला हात लावू नगं बाई. इख हाय त्यात. लेकराबाळाच्या हाती लागू दिऊ नगं." तिच्या या बजावण्यामुळं गावात एकही लेकरू दगावलं नव्हतं. कोकिळेलाही तिनं तेच सांगितलं होतं. पोरगी मान डोलावून म्हणाली होती, "बरं झालं सांगितलं, मावशी."

पुढं पौषात एका सकाळी झाडाखाली एकही फळ पडलेलं दिसलं नाही. दिवस कासराभर वर येईतो वरच्या आळीत रडारड सुरू झाली. कोकिळेला पटकी झाली, असं घरच्यांनी सांगितलं आणि गावानं मान्य केलं. धुरपदाबाईनंही केलं. तोंड उघडून सांगणार काय होती? मीच वाट दाखवली म्हणून? त्या दिवसापासून तिनं बजावणं सोडलं. फळ पडलं की उचलायची आणि उकिरड्यात खोल पुरायची.

आता तिनं नव्या सुनेच्या पदरात फुलं ओतली. पोरगी हलली नाही.

"मावशी, ह्याची फळं इखारी असत्यात म्हणं?"

धुरपदाबाईनं दुरडी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या म्हायेरी म्हणत्यात."

"काय बी म्हणत्यात. निस्तं कडू असतंय. पोट बिघडतंय दोन दिस. मानूस मरत न्हाई त्यानं."

"मरत न्हाई?"

पोरीनं हे हिरमुसून विचारलं.

"न्हाई. नाव काय गं तुझं?"

"कमल."

कमल आळीच्या वळणावरून दिसेनाशी झाली, तशी धुरपदाबाईनं माळ्यावरून कुऱ्हाड काढली. घाव घालताना ती रडत होती. पांढरा चीक हातांवर ओघळत होता. बुंधा आडवा झाल्यावरही ती थांबली नाही. कुदळीनं मुळं उकरली, फळं वेचून सगळं पेटवून दिलं.

धूर बघून माणिकराव आला. "सरावनात तोडलीस? लय शानी झालीस. महादेवाला काय वाहणार आता?"

"बेल हाय की."

"आन् झाडानं काय घोडं मारलं हुतं तुजं?"

कोकिळेचं नाव तिच्या ओठावर आलं. पण सुनेला रोज मारणाऱ्या घराच्या तोंडावर ते टाकलं, तर त्याची झळ आज संध्याकाळी कमललाच लागायची. तिनं ते गिळलं.

"चीक डोळ्यात जायलाय माज्या. आता हुत न्हाई मालक माज्यानं."

"मग सुगीला बलुतं न्यायला आमच्या खळ्यावर यिऊ नगस," म्हणून तो निघून गेला. जाऊ दे, तिला वाटलं. उपाशी राहू, पण ही पोर तरी वाचली.

दिवस कलल्यावर ती घागर घेऊन विहिरीवर गेली. काठावर कमल एकटीच होती. दोर हातात होता, पण ती पाणी शेंदत नव्हती. वाकून नुसती खाली बघत होती. खाली काळ्या पाषाणात पाणी खोल होतं. एवढी मोठी विहीर, हिला कुठली कुऱ्हाड लावायची?

धुरपदाबाई घाईनं पुढं झाली आणि तिनं दोराला हात घातला. "सर जरा. दोघी वढू."

दोघींनी मिळून घागर वर घेतली. कमलनं डोळे पुसले.

"उद्या कवा येशील पान्याला?"

"ह्याच वक्ताला. का वो?"

"मी बी येती."

एकट्या जिवाला एक घागर दोन दिवस पुरायची. तरी दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली, तशी धुरपदाबाईनं भरलेली घागर अंगणातल्या बिट्टीच्या खड्ड्यात उपडी केली आणि रिकामी काखेला लावून ती विहिरीकडे निघाली.