दुपारची दिवेलागण

कुरवंड्यातल्या विठाबाईंच्या ओट्यावर त्या दुपारी एक नऊ वॅटचा दिवा होता, त्याच्याखाली एक सेन्सर, खुंटीला एक इरलं, पाच जोड चपला, दोन कपबश्या आणि सकाळी दहाला कुदळ परत करायला आलेले शेजारचे नथूआबा. आबांना अजून निघायला जमलं नव्हतं.

सेन्सर पिंकीनं बसवला होता. विठाबाईंची ही भाची भौतिकशास्त्राची पदवीधर. आत्या अंधारात ठेचकाळू नये, एवढाच तिचा हेतू. अंधार पडल्यावरच, आणि कुणी हललं तरच दिवा लागावा. तीन मिनिटं कुणी हललं नाही की विझावा. अंधार कशाला म्हणायचं, हे तिनं मे महिन्यात सात संध्याकाळी मोजून ठरवलं, डबीचा स्क्रू त्या आकड्यावर फिरवला आणि पाणी शिरू नये म्हणून डबी एमसीलनं लिंपून टाकली. ऑगस्टात कुरवंड्याचे ढग दारात येऊन बसतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तेवढं मोजायचं राहिलं.

आता भर दुपारी कुणी उठलं की दिवा लागे. दिवा लागला की आत्या हात जोडी आणि दिवेलागणीला कुणाला घराबाहेर पडू देत नसे. ती लक्ष्मी आत यायची वेळ. तिला दारात आडवं कोण जाणार? आबा खाली बसत, दिवा विझे, आबा उठत, दिवा लागे. सकाळपासून तेवीस वेळा. त्यातल्या चार वेळा तर आबांनी नुसती तंबाखू मळली होती.

पिंकीला चार वाजता पुण्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाच्या मुलाखतीला पोचायचं होतं. फाटकाशी कैलास रिक्षा घेऊन उभा होता. पावणेदोनच्या आत निघालो तर लोणावळ्याला गाडी मिळेल, असं त्यानं बाहेरूनच सांगितलं. आत यायला तो तयार नव्हता. त्यानं आबांना पाहिलं होतं.

मागनं जावं तर मागं डोंगर. पिंकीनं मेन स्विचकडे हात नेला, तर माणूस घरातनं निघताना दिवा मालवतात का, असं आत्यानं विचारलं. मोबाइलचा उजेड पाडून सेन्सरला दिवस दाखवते म्हणाली, तर उत्तर तयार होतं.

“बॅटरी लावायची मंजी अंदारच पडला की गं.”

पिंकीनं घड्याळ पुढं केलं. एक वाजून पाच.

“घड्याळ बी तुजं, दिवा बी तुजाच,” आत्या म्हणाली. “मी दिव्याचं ऐकते. त्यो तू मोजून लावलायस.”

 मग पिंकीनं सेन्सरला काय दिसतं ते समजावलं: हलणारी ऊब. आत्या उठली आणि तिनं खुंटीवरचं इरलं काढलं. दिवा लागला. इरलं खाली ठेवून तिनं हात जोडले आणि ते पुन्हा उचललं. कामट्यांवर पानं बसवलेलं, भातलावणीत पाठीवर घ्यायचं ते. पिंकीनं ते पिंपात बुडवून भिंतीसारखं गार केलं.

“दिवा न्हाई लागला तर दुपार हाय, जा खुशाल,” आत्या म्हणाली. “लागला तर माघारी.”

दिवा विझेपर्यंत सगळे न हलता बसले. एक वाजून सतरा मिनिटांनी पिंकी प्रमाणपत्रांची फाइल पोटाशी धरून इरल्याखाली वाकली आणि सरकू लागली. नवव्या फुटावर आबांना खोकला आला. त्यांनी तो गिळला.

ओट्यापासून फाटकापर्यंत अंतर: चौदा फूट. वेळ: सव्वीस मिनिटं. दिवा लागला: शून्य वेळा. कैलासच्या मोबाइलवर एक वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती.