उरलंसुरलं

सुगंधाबाईंच्या पायांवरची सूज उतरली आणि त्यांना इस्पितळातून घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी सुनेला, अनुपमाला, बाजूला घेऊन बजावलं होतं, "हृदय थकलंय त्यांचं. मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठतं. जेवण अळणी. लोणचं, पापड, सुकी मासळी पूर्ण बंद."

साल शहाऐंशी. कांजूरमार्गच्या चाळीतल्या दोन खोल्या. अनुपमाने दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक लहान टोप आणला आणि त्यात सासूपुरतं वेगळं, अळणी शिजवायला लागली. सासरे सहदेव आणि नवरा नंदू यांचं जेवण नेहमीसारखंच.

बारा दिवसांनी डॉक्टरांनी सुगंधाबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. वजन तीन किलोने वाढलं होतं.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी," अनुपमा म्हणाली. "मीठ चिमूटभरसुद्धा घालत नाही."

"अळणीच जेवते मी, डॉक्टर," सुगंधाबाईंनी सांगितलं, आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मग हे पाणी आभाळातून आलं का?" म्हणत डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. सहदेवांनी सुनेकडे एकदाच बघितलं. पण ती नजर अनुपमाला घरापर्यंत बोचत राहिली. संध्याकाळी नंदूनेही विचारलं, "चुकून पडलं असेल का गं?"

"रोज चुकून पडतं काय रे?" ती म्हणाली, आणि लहान टोप घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नळावरून हंडा घेऊन आली, तर सुगंधाबाई ओट्याखाली पाट घेऊन बसलेल्या. पुढ्यात मोठा टोप. तळाशी राहिलेली सुकटीची आमटी त्या भाताच्या खरवडीने पुसून खात होत्या.

"आई! हे काय?"

"काय म्हणजे? टोप पुसत्येय."

"खाताय तुम्ही!"

"दोन घास उरले गो. मोरीत ओतू? अन्न आहे ते."

"आणि तुमचं जेवण?"

"ते मी जेवले की मघाशी. हे काय जेवण आहे?"

अनुपमाने हंडा खाली ठेवला. रागाने तिचे कान तापले होते, पण सासूच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची खूणही नव्हती. सुगंधाबाई लग्न होऊन मालवणला आल्या तेव्हा घरात अकरा माणसं. पुरुष जेवायचे, मग पोरं, मग म्हातारी माणसं. शेवटी टोपात राहील ते सुनेचं. मुंबईत आल्या, माणसं कमी झाली, पण हात टोपाच्या तळाशीच जात राहिला. त्याला जेवणं म्हणतात, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. सहदेव बायकोला म्हणाले, "तू जेवतेस कधी गं? मी कधी बघितलंच नाही तुला जेवताना."

"तुम्ही बघायला थांबलात कधी?" सुगंधाबाई सहज म्हणाल्या.

"उद्यापासून घरात एकच टोप," अनुपमा म्हणाली. "सगळंच अळणी. ज्याला हवं त्याने मीठ पानात घ्यावं. मग उरलं तरी आईंना बाधणार नाही."

पहिल्या दिवशी नंदूने तोंड वाकडं केलं. "सारात कोकम जास्त घालते उद्या," अनुपमा म्हणाली, तशी सुगंधाबाई आतून ओरडल्या, "कोकम नको! खारवलेलं असतं ते. चिंच घाल. आणि बांगड्याला तिरफळं ठेचून टाक, मिठाची आठवण येणार नाही." आठवण यायची ती आलीच, पण जेवण घशाखाली उतरू लागलं.

अवघड होतं ते त्यांना वेळेवर जेवायला बसवणं. नवऱ्याच्या आधी घास उतरेना. दोन घास खाऊन उठत. शेवटी अनुपमाने आपलंही पान त्यांच्या शेजारी मांडलं. "तुम्ही उठलात तर मीही उठणार. मला तर भूक लागलीय." मग त्या बसल्या.

पुढच्या तपासणीला वजन साडेतीन किलोने उतरलं होतं. सहदेव डॉक्टरांना म्हणाले, "मुलीने मीठ घातलंच नव्हतं, साहेब. चूक आमच्या घराची होती." अनुपमा खिडकीबाहेर बघत राहिली. तेवढ्याने बोच गेली असं नाही, पण बरं वाटलं.

थकलेलं हृदय काही नवं झालं नाही. जिना चढताना सुगंधाबाई दोनदा थांबत, पाणी मोजून पीत. तरी त्यानंतर त्या तीन वर्षं जगल्या, आणि बहुतेक दिवस अंथरुणाबाहेर.

एकदा श्रावणात दोघी जेवत होत्या. अनुपमाने टोपावर झाकण ठेवलं, तेवढ्यात सुगंधाबाईंनी पान थोडं पुढे सरकवलं. "अजून थोडा भात वाढ गो," त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून नव्या नवरीसारख्या लाजल्या. अनुपमाने झाकण काढलं आणि वरचा मऊ, वाफाळता भात वाढला.