गाडा कुठं सोडायचा?

मंडळी, आपले अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटायची सवय आपल्यात कुणाला नाही? अमरावतीच्या टोकाला राहणाऱ्या उत्तमराव माळ्यांच्या पुऱ्यात तर आजारसुद्धा असाच लोटत. जुलाब-उलट्यांची पटकी आली, की लहानशा लाकडी गाड्यावर मरीआईला बसवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि वाजतगाजत गाडा शिवेपार सोडून यायचे. मग ती बला पुढच्या गावाची! गाडा ओढायचा मान उत्तमरावांच्या घरचा.

त्या साली पटकीने पुऱ्यातली तीन माणसे नेली. उत्तमरावांनी भर दुपारी गाडा काढला.

"दवाखान्यातले लोक लाल दवा देऊन राहिले," बायको गंगूबाई म्हणाली. "ते इहिरीत टाका आधी."

"तुले काय समजते? गाडा शिवेपार गेला का झालं!"

पण शीव होती कुठे? दहा वर्षांपूर्वी शहर आणि पलीकडची कॅम्पाची वस्ती यांच्यामध्ये नुसते वांग्यांचे नि संत्र्यांचे मळे होते. आता तिथे कापसाच्या जिनातल्या मजुरांच्या खोल्या, वखारी, दुकाने एकमेकांना चिकटली होती. शिवेचा दगड कुणाच्या तरी जोत्यात गेला होता. उत्तमराव गाडा ओढत राहिले. एक घर सरले, की दुसरे हजर! थांबावे तिथे लोक ओरडत, "इथं नाही, पुढं न्या!" शहर संपेना आणि जिवाची तगमग थांबेना.

अखेर एका गल्लीत मोकळी जागा दिसली. त्यांनी हुश्श करून गाडा टेकवला. समोरच्या घरातून कडेवर पोर घेऊन एक बाई बाहेर आली. कॅम्पात दिलेली त्यांची लेक शकुन! नेहमी हमरस्त्याने येणाऱ्या उत्तमरावांनी घर मागून ओळखलेच नव्हते.

"बाबा, माह्या दारात काहून सोडून राहिले?"

उत्तमरावांच्या मनात आले, अरेरे! आजवर दुसऱ्यांच्या लेकींच्या दारातच तर सोडत आलो!

मागोमाग आलेली गंगूबाई म्हणाली, "आता शीव कुठं राह्यली? नाला तोच, पाणी तेच. इकून लोटलेली पटकी फिरून आपल्याच घरी येते."

उत्तमरावांनी गाडा वळवला. मरीआईला देवळात बसवून हात जोडले आणि त्याच गाड्यावर दवाखान्यातले लाल दवेचे डबे घालून पुरा ते कॅम्प एकूण एक विहीर गाठली.

बंधुभगिनींनो, गावाला गाव जुळून शहर वाढते, तेव्हा शिवेपलीकडे कुणी परके उरत नाही. तिथे जे लोटाल, ते आपल्याच लेकीच्या दारात पडेल!