तेच गिऱ्हाईक, नवं खोकं

१९९९ साली त्या दुकानाला सर्वाधिक विक्रीची ढाल मिळाली आणि घरात कायमची फूट पडली.

व्हिडिओ गेमच्या यंत्रांचं ते दुकान धाकट्या दिराचं. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून त्याला वहिनीनेच लहानाचं मोठं केलं. दुकानात बोलायला तो, गल्ल्यावर वहिनी. त्या वर्षीची यंत्रं नाजूक निघाली. महिना होतो न होतो तोच पडदा काळा. वॉरंटी होती, दुरुस्तीच्या भानगडीत न पडता कंपनी नवंच यंत्र द्यायला सांगे. पण बिल केल्याशिवाय खोकं दुकानाबाहेर काढता येत नसे. मग वहिनी शून्य रुपयांचं बिल करी, आणि कंपनीच्या हिशेबात आणखी एक यंत्र खपे. मागची खोली मेलेल्या यंत्रांनी भरत चालली.

"पुन्हा आलात?" ती एका शिक्षकांना म्हणाली.

"आता इथेच राहायला येतो, हेलपाटा तरी वाचेल."

ढाल द्यायला कंपनीचा साहेब आला. टाळ्या झाल्या. पुढच्या हंगामात दुप्पट माल उचला, तो म्हणाला. दिराने पेन काढलं, तशी वहिनीला राहवेना.

"भाऊजी, थांबा. यातली निम्मी विक्री नाहीच, बदलून दिलेली खोकी आहेत. एवढा माल घेणार कोण?"

साहेब हसला. "बाई, आकड्यात तसं कुठे दिसतंय?"

दिराचा चेहरा उतरला. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी ढाल दिली होती.

"चारचौघांत लाज काढलीस, वहिनी. माझं बरं झालेलं बघवलं नाही तुला."

तिने किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि घरी आली. त्याने सही केली.

माल आला, गिऱ्हाईक आलं नाही. यंत्राचं नाव एव्हाना पार बदनाम झालं होतं. वर्षाच्या आत दुकान विकावं लागलं.

साहेबाला बढती मिळाली, त्याच आकड्यांवर. शिक्षकांनी मुलाला बुद्धिबळाचा पट आणून दिला. दीर परगावी एका गोदामात नोकरीला लागला, तिथेच संसार थाटला. थोरल्या भावाला फोन करी, सगळ्यांची चौकशी करी, वहिनीचं नाव मात्र घेत नसे. ती शेजारीच बसून भाजी निवडत ऐकत राही.

मागच्या वर्षी तो गेला. त्याच्या बायकोने एक पुडकं पाठवलं, "वहिनीच्याच हातात द्या, म्हणाले होते." आत ढाल होती. वहिनीने ती पदराने पुसली, आणि कुठे ठेवावी ते न सुचून बराच वेळ मांडीवर घेऊन बसून राहिली.