छातीएवढं पाणी

साहेब, तुम्ही पूर मोजला नाही, विचारला. नाल्याच्या या बाजूला जे ऐकलं ते लिहिलं, त्या बाजूला जे ऐकलं तेही लिहिलं, रंग भरले, सही केली आणि त्याला पुराचा नकाशा म्हटलं. हे आधी तोंडावर सांगतो. गोष्ट त्यानंतर.

खारून नदीच्या काठी बेलपारा नावाची वस्ती आहे. रायपूर राजधानी झालं आणि शहर नदीकडे सरकायला लागलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथं कुसुम बोरकुटे राहते. नवरा विनायक रेल्वेत होता, वॅगन दुरुस्तीला; आता घरीच असतो. मूळचे वर्ध्याकडचे. घर पुढून विटांचं, मागून मातीचं. मागच्या भिंतीला पोट आलंय. तिला बाहेरून बांबूंचे टेकू दिलेत आणि विनायकची खाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली आहे. ती भिंत पाडून विटांची बांधायची, एवढंच कुसुमला हवं होतं. घरकुलाची मदत मंजूर होती. फक्त बांधकामाचा नकाशा पास व्हायचा होता.

आदल्या भादोत, म्हणजे भाद्रपदात, पाणी आलं होतं. कुसुमच्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. दुसरी बुडाली, तिसरी कोरडी राहिली. सकाळी पाणी उतरलं. मग मदतवाले आले आणि घरोघर विचारत फिरले, पानी कहाँ तक आया था. ज्यांनी गुडघा दाखवला त्यांना बिस्किटं मिळाली. ज्यांनी छाती दाखवली त्यांना तांदूळ आणि ताडपत्री. तेव्हापासून बेलपाऱ्यात पाणी छातीच्या खाली येत नाही. कोणी कागद घेऊन आला की हात आपोआप वर जातो. शेजारची कांताबाई बुटकी. छाती दाखवली तर आपलं पाणी कमी भरेल म्हणून ती थेट हनुवटीला हात लावते.

उन्हाळा लागताच तुमची माणसं आली. ती मदतवाली नव्हती, नकाशावाली होती, पण ते कोणी सांगितलं नाही. पुढं अनुश्री नावाची तरुण इंजिनिअर, मागं आकडे लिहिलेली लांब पट्टी धरलेला माणूस. पद्धत तुम्हीच ठरवून दिली होती: विचारा, हात लावायला सांगा, पट्टी लावा, पुढच्या घरी चला.

कुसुम ओट्यावर उभी होती.

"मौसी, बाढ़ का पानी कहाँ तक आया था?"

"इथवर," कुसुम म्हणाली आणि छातीला हात लावला.

आतून विनायक ओरडला, "अवं, काहून फेकून राहिली? पायरीवर होतं ना पाणी!"

"तुम्ही झोपा. तुम्हाले काय दिसलं, तुम्ही तर खाटेवर पाय घेऊन बसले होते."

अनुश्री हसली. तिला मराठी कळत होतं, घरी आई बोलायची. पण ती हिंदीतच म्हणाली, "हाथ वहीं रखिए मौसी, हिलाइए मत." माणसानं खाली जमिनीवर पट्टी टेकवली आणि ओट्यावर उभ्या बाईच्या छातीपर्यंतचा आकडा वाचला. ती नदीची उंची झाली.

मग ते नाल्यापलीकडच्या नव्या कॉलनीत गेले. तिथं पूर्वी धानाचं खोलगट शेत होतं. भादोत बेलपाऱ्यातली माणसं तिथं गळ टाकून बसायची. आता कमान आहे, कमानीवर सिमेंटचे दोन हत्ती आहेत. कॉलनीच्या मॅनेजरनं सगळ्यांना थंडा पाजला आणि म्हणाला, "यहाँ? यहाँ तो मैडम एक बूँद नहीं आता." तिथं पट्टी गाडीतून उतरलीच नाही. एक थेंबही नाही, मग लावायची कुठं?

पुराचा नकाशा निघाला तेव्हा बेलपारा लाल होता. लाल म्हणजे नवीन वीट लावायची नाही. कॉलनी पिवळी, म्हणजे राहायला योग्य, आणखी घरं बांधा.

कुसुमचा अर्ज परत आला. ती तुमच्या ऑफिसात गेली, तिथं अनुश्री भेटली.

"मौसी, आप ही ने तो बताया था."

"अगं पोरी, तो हात ताडपत्रीसाठी होता! तू सांगायचं ना, की घरासाठी विचारून राहिली म्हणून."

अनुश्रीनं हातातली फाईल मिटली. मग पहिल्यांदा मराठीत बोलली, अडखळत, "नकाशावर सुनावणी आहे. तुम्ही या. जे खरं ते सांगा. मी पण बोलते."

पाऱ्यात ही बातमी पसरली तशी कांताबाई दारात येऊन उभी राहिली. "कुसुम, तू खरं बोलशील अन् आमची ताडपत्री परत मांगतील. पुढच्या वेळी पूर आला तर बिस्किटं खाऊ का?"

"माही भिंत पडून राहिली, कांता."

"पडू दे. एक भिंत पडन. तू बोलली तर सारा पारा खोट्यात येते."

"आपण खोट्यातच हाओत, बाई."

कांताबाई वळून घरी गेली. त्या दिवसापासून कुसुमच्या नळावर पाणी भरायला कोणी आलं नाही.

सुनावणीत मधल्या खुर्चीवर तुम्ही होतात. कुसुम उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलली. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत होतं. मी ओट्यावर उभी राहून छाती दाखवली. लिहून घ्या."

तुम्ही हसलात. "तब झूठ बोल रही थीं कि अब?"

लोकही हसले. कुसुम थांबली नाही. "माह्यावर विश्वास नोका ठेवू, साहेब. पट्टी घेऊन चला. माह्या पायरीले लावा, अन् त्या हत्तीवाल्या कॉलनीच्या रस्त्याले लावा. कोण खाली हाये ते पट्टीच सांगन."

अनुश्री उठून म्हणाली, "सर, ही मागणी बरोबर आहे. दोन्हीकडे जमिनीची लेव्हल घेतली नाही. मीच तिथं होते." तिनं हे मराठीत म्हटलं. तुम्हाला ते कळलं, कारण तुमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तुम्ही चहा मागवला आणि म्हणालात, कॉलनी के बारे में तो कोई शिकायत नहीं आई. पुढचा अर्जदार बोलवा.

तेवढ्यावर काम संपलं. अनुश्रीला दुसऱ्या टेबलावर बसवलं. बेलपारा लाल राहिला. जेठ सरत आला तेव्हा कुसुमनं टेकूंना आणखी दोन बांबू जोडले आणि विनायकची खाट ओट्यावर आणली. तिथून त्याला नाल्यापलीकडं नवे पिलर उभे होताना दिसतात.

आता मला सांगा. कुसुमबाई खोटं बोलली तेव्हा तुम्ही ते पट्टीनं मोजून खरं केलं. ती खरं बोलली तेव्हा पट्टी उचलायला तुम्हाला तक्रार लागली. मॅनेजरच्या एका वाक्याला मात्र पट्टीही लागली नाही, तक्रारही नाही. त्या पिवळ्या कॉलनीत राहायला येणाऱ्यांच्या घरात भादोत पाणी शिरेल, तेव्हा ते कुठं हात लावून दाखवतील? आणि ही मागची भिंत विनायकच्या घरात पडायची की तुमच्या सहीवर? दोन्ही जागी पट्टी का लावली नाही? उत्तर द्या.