फळांवरची साय

जावयाचं शीतगृह आणि सासऱ्यांची आलुबुखारांची बाग. असं सोयरपण जुळायला नशीब लागतं, असं लोक म्हणत. जावई काहीच म्हणत नसे, कारण सासूबाई जवळच असत.

यंदाचा तोडा शेवटचा. बागेतून रस्ता जाणार होता. रस्त्याला कुठून तरी जावंच लागतं आणि त्याला नेहमी दुसऱ्याची बाग सोयीची पडते. सासऱ्यांची एकच इच्छा उरली होती. दूरदेशी असलेली धाकटी सुट्टीवर येईल, तेव्हा तिच्या हातात आपल्या झाडाचं एक धडधाकट फळ ठेवायचं.

सासरे फळ देठाला धरूनच तोडत. गालाला बोट लागलेलं त्यांना खपत नसे. फळाच्या अंगचं मेण पांढुरकं होऊन वर बसतं, त्याला ते साय म्हणत. ती शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं आणि थंडीतही फळ तग धरतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, असं सगळ्यांना वाटत होतं.

क्रेट शीतगृहात उतरवून सासरे रिकामी झालेली झाडं बघायला गेले. जावई बिघडलेल्या यंत्राकडे वळला. परतला तेव्हा सासूबाई आणि त्यांची बहीण, म्हणजे मावशी, फडकी घेऊन बसल्या होत्या. शेवटचा क्रेट चालू होता. फळं अशी लखलखत होती, की त्यात जावयाला स्वतःचा चेहरा दिसला. तो बघण्यासारखा नव्हता.

"आई, हे काय केलंत?"

"धूळ पुसली. तुम्हीच दारावर लिहिलंय ना, अस्वच्छ माल आत घेतला जाणार नाही म्हणून? घरच्यांना सूट दिली असं कुणी म्हणायला नको."

"अहो, ती पाटी चिखलाचे क्रेट आणणाऱ्यांसाठी आहे! आणि ही धूळ नव्हती. फळाचं मेण होतं."

"अगं बाई! मग आता?"

"त्यात काय," मावशी म्हणाल्या, "दुकानातून आणून परत लावू."

जावयानं कपाळाला हात लावला. मग गारवा तपासला, हवेतला ओलावा वाढवला, पंखे मंद केले. अवघ्या गावाचा माल थंड ठेवणाऱ्या यंत्रांकडे दोन फडक्यांवर मात्र इलाज नव्हता. आधी देठाजवळ सुरकुत्या आल्या, मग गाल बसले. सासूबाई रोज दाराशी येऊन आजाऱ्याची विचारपूस करावी तशा विचारत, "आज कशी आहेत?"

"कालच्यासारखीच," जावई सांगे. हे खोटं असे.

धाकटीची सुट्टी पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. तिकडच्या साहेबाला आलुबुखार कळत नव्हता. तोवर बाग तोडूनही झाली.

अखेर ती आली. सासऱ्यांनी सगळे क्रेट उपसून त्यातल्या त्यात बरं फळ निवडलं आणि सवयीनं देठाला धरून उचललं. देठ बोटांत आला, फळ खाली राहिलं. मग त्यांनी ते गालाला धरून लेकीच्या तळहातावर ठेवलं.

ती फळ फिरवून फिरवून बघत राहिली. "बाबा, ह्याची साय कुठाय?"

जावयानं छताकडे पाहिलं. मावशींना खोकला आला.

"यंदा आलीच नाही," सासरे म्हणाले.

धाकटीनं घास घेतला. रस हनुवटीवर ओघळेल म्हणून सासूबाईंनी फडकं पुढे केलं होतं. काहीच ओघळलं नाही. त्यांनी फडकं मागे घेतलं आणि मांडीवर त्याची घडी घालत राहिल्या.